भीमेच्या काठाने, गळ आणि वही घेऊन: उजनी ते कुडल

मे महिन्याचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडलेला. नदीची तब्येत बघायची तर पाणी सगळ्यात कमी असताना बघावी. ऑगस्टमध्ये पूर आला की प्रत्येक नदी धडधाकट दिसते. सोबत दोन काठ्या, पन्नास सेंटिमीटरची मोजपट्टी ठोकलेली फळी, हातातला वजनकाटा, पाण्याचं तापमान घ्यायचा थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, तळेवाले वापरतात ते ऑक्सिजन तपासायचं किट आणि एक वही. मासे धरायला आलेल्या माणसाने एवढं ओझं का वाहायचं, ते पुढे येईलच.

शनिवार: उजनीचा फुगवटा, करमाळ्याची बाजू

उजनी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्यात, केत्तूर, चिखलठाण, कुगाव या गावांच्या पट्ट्यात पाणी इतकं मागे गेलेलं असतं की गाडी लावून भेगाळलेल्या गाळावरून बराच वेळ चालावं लागतं. वरचा थर वाळलेला दिसला तरी खाली चिखल असतो. पाण्यापासून शेवटच्या पन्नास पावलांत काठीने चाचपत जावं. पलीकडे पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर आलं की धरण किती खाली गेलंय याचा अंदाज येतो.

‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं सोलापुरात सगळेच म्हणतात, पण मायनस म्हणजे कोरडं नव्हे. धरणाची एकूण साठवण 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातला जवळपास 63.66 टीएमसी मृत साठा (नेहमीच्या वापरात न धरलेला) आणि सुमारे 53.57 टीएमसी उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्यावर. 2024 च्या उन्हाळ्यात धरण जवळपास उणे 60 टक्क्यांपर्यंत गेलं, म्हणजे मृत साठ्यातलंही 32 टीएमसी पाणी संपलं आणि साधारण 31 टीएमसी उरलं. एवढ्या पाण्यात मासा जगतो, पण दाटी होते. जाळी तेवढीच, पाणी चौथाई. शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून येणारं सांडपाणी कमी झालेल्या पाण्यात मिसळतं, त्यामुळे मे महिन्यातलं पाणी हिरवं आणि जड असतं.

अशा पाण्याचा ऑक्सिजन दुपारी मोजून उपयोग नाही. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. म्हणून मोजायचं सूर्योदयाच्या आधी. किटमधली काचेची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. पहिल्या दोन बाटल्यांतले थेंब टाकून बूच लावायचं आणि उलटसुलट करायचं. गाळ तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. मग तिसरं रसायन घालून गाळ विरघळवायचा आणि शेवटच्या द्रावणाचे थेंब रंग जाईपर्यंत मोजायचे. एका थेंबाला किती मिलिग्रॅम धरायचं ते किटवर लिहिलेलं असतं. 30 अंशांच्या पाण्यात लिटरला फार तर साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. 5 च्या वर असेल तर काळजी नाही. 3 च्या खाली कटला-रोहू खाणं सोडतात. 2 च्या खाली मरायला लागतात. चिलापी (तिलापिया) मात्र 1 च्या आसपासही तग धरते.

उजनीच्या बाजारात चिलापीचे ढीग का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. उरलेलं अर्धं तिच्या विणीत आहे. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, तीन-चार महिन्यांची झाली की विते, आणि पाणी उबदार असलं तर महिना-दीड महिन्याने पुन्हा. तिला वाहतं पाणी लागत नाही, पुराची वाट बघावी लागत नाही. मोझांबिक चिलापी भारतात आणली 1952 साली. नंतर नाईल चिलापी आली. आता गळाला पहिला झटका बहुतेक तिचाच. लहान गळ (8 नंबर), कणकेची गोळी, दीड-दोन फुटांवर तरंगतं बूच ठेवलं की पोरंसुद्धा तासाभरात पिशवी भरतात.

पिशवी भरली म्हणजे मासेमारी चांगली चालली, असं समजून बहुतेक गळवाले घरी जातात. तिथेच फसगत होते. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेच्या नद्यांचे. इथे ते सोडलेल्या बीजातून येतात. चिलापी परदेशी. म्हणजे पिशवी पूर्ण भरूनही तिच्यात भीमेचा स्वतःचा एकही मासा नसू शकतो. भीमेचे आपले मासे म्हणजे वाम, शिंगटा, शिवडा, मरळ, कानस, तांबीर, चांबारी, खवल्या. वहीत त्यांची नोंद वेगळी ठेवायची. दहा माशांत आपले किती, हा आकडा वर्षानुवर्षं लिहिला तर नदीबद्दल जेवढं कळतं, तेवढं एकूण किलोंवरून कळत नाही.

फुगवट्यात दुसरा घात होतो तो वडाप आणि पंड्यासारख्या बारीक जाळ्यांनी. मच्छरदाणीसारखा आस (जाळ्याचं भोक) असलेल्या जाळ्यात चिलापीच्या पिल्लांबरोबर बोटभर रोहू आणि शिंगट्याची पिल्लंही येतात, आणि वाळवून कवडीमोलाने जातात. भोई समाजातली जुनी माणसंच या जाळ्यांवर सगळ्यात जास्त चिडतात, कारण मोठ्या आसाच्या जाळ्यात पुढच्या वर्षी येणारा मासा आधीच संपलेला असतो.

दुपारनंतर पाण्यावर थांबू नये. मे महिन्यात वळवाचं वारं अचानक सुटतं. 21 मे 2024 ला कळाशी-कुगाव दरम्यान बोट उलटून सहा जण बुडाले, ते अशाच वाऱ्यात. होडीत बसायचं असेल तर जॅकेट घालूनच.

रविवार: भिंतीखालून नीरा-नरसिंहपूर

धरणाच्या दारांजवळ, प्रतिबंधित पट्ट्यात, गळ टाकू नये. पाणी कधी सुटेल ते काठावरच्याला कळत नाही. त्यापुढेही जिथे मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आहे तिथे त्यांची परवानगी घ्यावी. चारचौघांसारखं जाऊन विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

भिंतीच्या खाली भीमा नदीसारखी वाहत नाही, ती बंधाऱ्याबंधाऱ्यांत साठलेली असते. एकामागून एक कोल्हापुरी बंधारे. पावसाळा संपता-संपता दारे टाकायची, पावसाळ्याच्या तोंडावर काढायची, असा नियम. दारे असतात तोवर मासा वर जाऊ शकत नाही, कारण या बंधाऱ्यांना मासे चढायची वाट ठेवलेली नाही. दारे काढली की खांबांमधून वाट मिळते, पण तिथेही बघायचं असतं ते खालच्या बाजूला. बंधाऱ्याच्या पायाशी पाण्याने खड्डा खणला असेल आणि उंबरठ्यापासून खाली दोन-तीन फुटांची उडी तयार झाली असेल, तर शिंगटा आणि वाम ती चढू शकत नाहीत. ते तळाने सरकणारे मासे आहेत. पूर येऊन खालचं पाणी उंबरठ्याच्या वर येईपर्यंत त्यांना थांबावं लागतं.

पण पूरच उशिरा येतो. पुण्याकडची धरणं भरायची, मग उजनी भरायची, मग भीमेला पाणी. म्हणजे जून-जुलैचे पहिले लोंढे, ज्यांच्यावर चढणीचे मासे वर निघतात, ते भिंतीपलीकडेच अडतात. रोहू, मृगळ, कानस यांची वीण जुलै-ऑगस्टमधली. गढूळ, वाढतं पाणी आणि काठावर नव्याने बुडालेलं उथळ गवत त्यांना लागतं. अंडी चिकटत नाहीत, पाण्याबरोबर वाहतात आणि 27-28 अंशांना साधारण 14 ते 18 तासांत फुटतात. एक किलोच्या रोहूच्या मादीपोटी दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. पाणी वाढलंच नाही तर मादी ती पोटातच जिरवते. त्या वर्षीची पिढी मग नदीत जन्मतच नाही.

म्हणूनच नरसिंहपूर महत्त्वाचं. इथे नीरा भीमेला मिळते. लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळाखालच्या पायऱ्यांवरून समोर माळशिरस तालुका दिसतो. नीरेवर वीर धरण आहे आणि ते उजनीपेक्षा खूप लहान, त्यामुळे पुष्कळदा आधी भरतं. पुष्कळ वर्षी पंढरपूरला येणारं पहिलं गढूळ पाणी वीरचं असतं. मे महिन्यात संगमावर गुडघाभर पाणी असलं तरी चढण बघायची जागा हीच. जुलैत वीरमधून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की इथे यायचं, गळ न टाकता. विणीच्या मादीचं पोट हाताला मऊ आणि फुगलेलं लागतं, मागचं छिद्र लालसर असतं. असा मासा चुकून लागलाच तर पाण्यातच सोडवायचा.

सोमवार: पंढरपूर, सरकोली, माचणूर

पंढरपुरात घाटांवर गळ नको. वाळवंटातून सरळ पुढे जावं. जाताना पात्राकडे नजर टाकली तर वाळू उपशाचे खड्डे दिसतात. वाळू गेली की तळ चिकणमातीचा राहतो. वाळू-खड्याच्या उथळ जागेत विणारे मासे तिथे वीत नाहीत, आणि खड्ड्यात साठलेलं पाणी ऊन खाऊन तापतं. सरकोलीला माण नदी भीमेला मिळते, पण माण बहुतेक वर्षभर कोरडीच. इथे थांबण्यासारखं फार नाही.

माचणूरला मात्र पूर्ण दिवस द्यावा. सिद्धेश्वराच्या देवळाखाली दगडी घाट आहे आणि नदीला खोली आहे. उन्हाळ्यात मासा जगतो तो अशा डोहांमुळे. वरचं पाणी 32-33 अंशांवर गेलेलं असताना तळाशी दोन-तीन अंश कमी मिळतात. थर्मामीटरला दोरी आणि शिसं बांधून तळाशी दोन मिनिटं ठेवावा आणि झटकन वर ओढावा.

पाणी 32 अंशांच्या वर असेल तर सोडून देण्याच्या हिशेबाने मासा धरू नये. झुंजीत थकलेला मासा गरम, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात सावरत नाही. डोळ्यांदेखत पोहत जातो आणि तासाभराने मरतो. सकाळी नऊपर्यंत गळ, नंतर गुंडाळायचं. घाटापासून दूर, खालच्या वळणावर मृगळ आणि रोहूसाठी 0.30 ते 0.35 मिलिमीटरचा दोरा, 4 किंवा 6 नंबरचा गळ. चाऱ्याला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड दोनास एक, मळताना थोडं उकडलेलं रताळं. गोळी फार सैल झाली तर चिलापी फोडून खाते, फार घट्ट झाली तर रोहू उचलून टाकतो. अंगठ्याने दाबली की चपटी व्हावी पण तडकू नये, एवढीच. मृगळासाठी तळाला टेकलेली, रोहूसाठी तळापासून वीतभर वर. कटला पृष्ठभागाजवळ चरतो, त्याला बूच लावून वरच धरावं. शिंगट्याला गांडूळ किंवा कोंबडीचं काळीज, अंधार पडायच्या वेळी.

गळाचा काटा पक्कडने आधीच दाबून टाकावा. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सहसा सुटत नाही, आणि सोडवायला दोन सेकंद लागतात. फळी ओली करायची, हात ओले करायचे. कोरड्या हाताने माशाचा बुळबुळीत थर निघतो आणि दोन-तीन दिवसांत तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालून उचलायचं नाही.

इथे फळीवर ठेवलेल्या रोहूचा हिशेब असा करायचा. थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत 45 सेंटिमीटर, वजन 1,200 ग्रॅम. वजनाला 100 ने गुणायचं आणि लांबीच्या घनाने भागायचं: 1,20,000 भागिले 91,125, म्हणजे 1.32. रोहूला 1.2 च्या वर असेल तर मासा पोसलेला. 1 च्या खाली आला तर उपाशी किंवा आजारी, डोकं मोठं आणि पाठ धारदार दिसते. मग कल्ल्याचं झाकण अंगठ्याने हलकेच उचलून बघायचं. लालभडक, पाकळ्या सुट्या असतील तर ठीक. तपकिरी छटा असेल तर पाण्यात नायट्राइट वाढलंय, रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. राखाडी चिकट थर असेल तर गाळ. अंगावर लाल खोलगट व्रण असतील तर तो मासा खाऊही नये आणि दुसऱ्या तळ्यातही नेऊ नये. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं आणि मासा तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरायचा, स्वतः हिसका देईपर्यंत.

असे डोह विणीच्या महिन्यांत तरी गळ आणि जाळी दोन्हींपासून राखले पाहिजेत. देवळाखालचा डोह राखायला गाव सहज तयार होतं. बाकीच्या डोहांसाठी ग्रामसभेचा ठराव लागेल, आणि तो मागायला काठावरच्या भोई मंडळींच्या बरोबरीने गळवाल्यांनीही उभं राहायला हवं.

मंगळवार: वडकबाळची सीना, टाकळी-औजची भीमा

सोलापूरहून विजापूर रस्त्याने निघालं की वडकबाळच्या पुलावर सीना लागते. 2025 च्या सप्टेंबरात हिने जो पूर दाखवला तो अजून काठावरच्या झाडांत अडकलेल्या कचऱ्यावरून मोजता येतो. अशा पुरात शेततळी आणि मत्स्यतळी फुटतात आणि त्यांतला रूपचंद, पंगस, कुठे चोरून पाळलेला आफ्रिकन मांगूर नदीत उतरतो. मांगूरवर केंद्राने 2000 सालीच बंदी घातली, कारण तो नदीतले मासे खातो आणि जवळपास कशातही जगतो. काळसर राखाडी ठिपकेदार अंग, आठ मिशा, पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत. असा गळाला लागला तर पुन्हा पाण्यात सोडू नये. सकर माशाचंही तेच. खडबडीत चिलखती अंग, पोटाखाली वाटीसारखं तोंड. तो काठात बिळं करतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. हौसेने काचेच्या टाकीत पाळलेला मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडतात, तिथून हे सुरू झालं.

सीनेचं दुसरं दुखणं गाळप हंगामातलं. सोलापूर जिल्ह्याइतके साखर कारखाने दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नाहीत. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या काळ्या सांडपाण्याची ऑक्सिजन खाण्याची ताकद लिटरला 40 ते 50 हजार मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याची दोन-तीनशे. म्हणजे त्याचा एक लिटर ओढ्यात गेला तर सव्वाशे ते अडीचशे लिटर गटाराचं पाणी गेल्यासारखं. हिवाळ्यात-उन्हाळ्यात नदी वाहत नसते, तेव्हा ते एका डोहात बसून राहतं. किंवा ओढ्यात साठलेलं पहिल्या जोरदार पावसात एकदम उतरतं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मासे वर येऊन तोंड मारायला लागतात.

मेलेले मासे दिसले तर आधी नीट बघायचं. पहाटे मेलेले, मोठे आधी, तोंड उघडं, कल्ले ताणलेले: ऑक्सिजन संपला. लहान-मोठे सगळे एकदम, झिंगेसुद्धा, भर दुपारी: विष. पोट फाडल्यावर आतली हवेची पिशवी फुटलेली आणि रक्त साकळलेलं: सुरुंग. मग स्वच्छ दोन लिटरच्या बाटल्यांत पाणी घ्यायचं, एक मेलेल्या जागेचं, एक वरच्या बाजूचं, एक खालचं. काठोकाठ भरून बर्फात ठेवायचं, वेळ आणि जागा बाटलीवर लिहायची. त्याच दिवशी सोलापुरातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. दोन दिवसांनी गेलं तर पाणी बदललेलं असतं आणि तपासात काही निघत नाही.

टाकळीला पुन्हा भीमा. औज आणि चिंचपूरचे बंधारे सोलापूर शहराच्या पाण्यासाठी भरतात. उजनीतून नदीत पाणी सोडतात, ते इथे पोचायला आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि वाटेत उपसा होऊ नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. शहराला हा मार्ग महागडा आहे, पाण्याची नासाडी होते, हे खरंच. पण उन्हाळ्यात भीमेला जे काही वाहणं मिळतं ते याच आवर्तनांचं. उजनीहून थेट शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीने शहराची नदीवरची भिस्त कमी होईल, तशी ही आवर्तनंही कमी होतील. मग नदीसाठी म्हणून पाणी सोडा, असं आत्ताच मागितलं पाहिजे, कारण आवर्तनांचं वेळापत्रक एकदा बदललं की त्यात नदीचं नाव पुन्हा घालायला वर्षं जातील. मागणी फार मोठी नाही. मार्च ते मे डोहांतलं पाणी बदलेल इतका लहान प्रवाह, आणि जुलैत उजनी भरायची वाट न बघता दोन-तीन दिवसांचा एक लोंढा, दारे पूर्ण काढलेली असताना.

बुधवार: हत्तरसंग-कुडल

भीमा-सीना संगम. देवळातला शके 940 चा मराठी शिलालेख बघून खाली उतरावं. पलीकडे कर्नाटक. दोन्ही नद्यांचं पाणी इथे शेजारी-शेजारी मोजता येतं, म्हणून पीएचच्या पट्ट्या शिल्लक ठेवायच्या. दोन नद्यांच्या पाण्याला एकच पीएच सहसा येत नाही. सांडपाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर शंभरात एकापेक्षा कमी, 8 ला सात-साडेसात, 9 ला जवळपास पंचेचाळीस. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी चढतो, त्यामुळे सकाळी सुखरूप असलेला मासा दुपारी चार वाजता गटांगळ्या खाताना दिसू शकतो आणि कारण सकाळच्या मोजणीत सापडत नाही. इथे मोजायचं ते दोनदा.

बीज सोडण्याचा विषय कुडलच्या काठावर हमखास निघतो. सोडायला हरकत नाही, पण जिरे किंवा अर्धबोटुकली (अगदी लहान पिल्लं) नदीत टाकणं म्हणजे शिंगट्याला चारा घालणं. बोटुकली 8 ते 10 सेंटिमीटरची हवी. पिशव्या 15 ते 20 मिनिटं नदीच्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतल्या-बाहेरच्या तापमानात दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको, मग थोडं थोडं नदीचं पाणी आत घेत सोडायचं. सोडायची वेळ संध्याकाळची, जागा गवताच्या कडेची. आणि दरवेळी कटलाच कशाला? लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पैदास होते. कानस आणि तांबीर यांचं बीज जिल्ह्यातल्या केंद्रात तयार करणं त्याहून सोपं आहे, कारण त्यांची पद्धत रोहूसारखीच. मागणी कोणी करत नाही म्हणून होत नाही. ती मच्छीमार संस्थांनी आणि गळवाल्यांनी मिळून जानेवारीत करायला हवी, म्हणजे जूनमध्ये नर-मादी जमवायला वेळ मिळेल.

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक ठिकाणासाठी एकेक ओळ: तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पहाटेचा ऑक्सिजन, किती तास गळ, किती काठ्या, कोणता मासा, लांबी, वजन, सोडला की ठेवला. काही लागलं नाही तर तेही लिहायचं, शून्य. रिकाम्या सकाळी गाळून टाकल्या की वही खोटं बोलते. याच जागा, याच क्रमाने, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा. वीरचा विसर्ग सुरू झाला की नरसिंहपूरपासून सुरुवात, आणि बंधाऱ्यांची दारे खरोखर निघाली आहेत का ते प्रत्येक पुलावरून फोटो काढून.